फळी ते शटर : अंबड-अंकुशनगर परिसरातील दुकानाच्या दाराचा इतिहास

मराठवाड्यातील बाजारपेठांचा इतिहास बहुधा मालाच्या अंगाने लिहिला गेला आहे. कापूस, भुसार, कापड, अडत आणि सावकारी यांच्याविषयी बरेच सांगितले जाते. परंतु हा माल रात्री ज्या दारामागे राहत असे, त्या दाराकडे क्वचितच लक्ष दिले जाते. वास्तविक दुकान उघडण्याची आणि बंद करण्याची रीत ही त्या काळातील लाकूडकाम, लोखंडकाम, घरबांधणी आणि चोरीची भीती या साऱ्यांची एकत्रित साक्ष असते. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात ही साक्ष दोन निरनिराळ्या वस्त्यांमध्ये वाचता येते. एक म्हणजे निजामाच्या राजवटीपासून तालुक्याचे ठाणे असलेले, मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या आश्रयाने वाढलेले अंबड. आणि दुसरी म्हणजे महाकाळा गावाच्या शिवारात साखर कारखान्याबरोबर वसलेले अंकुशनगर. पहिल्या वस्तीने लाकडी फळीचा काळ पाहिला, तर दुसरीची घडण प्रामुख्याने लोखंडी शटरच्या काळातली आहे. या बदलात सोय झाली, वेळ वाचला आणि माल अधिक सुरक्षित झाला, हे निर्विवाद आहे. मात्र जे ओझे पूर्वी दुकानदाराच्या डोळ्यांसमोर आणि हातात होते, ते छताजवळच्या एका पोलादी स्प्रिंगमध्ये जाऊन दडले आणि त्या ओझ्याचे ज्ञान दुकानदाराकडून मिस्त्रीकडे गेले, ही या इतिहासातील तितकीच महत्त्वाची बाजू आहे.

जुन्या पेठांतील दुकानाचे तोंड बंद करण्यासाठी उभ्या लाकडी फळ्या वापरल्या जात. उंबऱ्यात एक आडवी खाच कोरलेली असे आणि वरच्या तुळईत तशीच, परंतु अधिक खोल खाच असे. फळी उचलून तिचे वरचे टोक खोल खाचेत सारायचे, मग खालचे टोक उंबऱ्याच्या उथळ खाचेत सोडायचे आणि फळी बाजूला सरकवून आधीच्या फळीला भिडवायची, अशी ती पद्धत होती. लाकूड हाताने रंधलेले असल्यामुळे कोणतीही फळी कोणत्याही जागी नीट बसत नसे. म्हणून फळ्यांवर अनुक्रमाच्या खुणा करून ठेवाव्या लागत. शेवटची फळी बसली की सर्वांवरून एक आडवी लोखंडी पट्टी घालून ती कोयंड्यात अडकवली जाई व तिला कुलूप लागे. पावसाळ्यात लाकूड फुगून फळ्या खाचेत अडकत आणि उन्हाळ्यात आक्रसून त्यांच्या फटींतून धूळ आत येई. काम वेळखाऊ होते. दुकानातील पोऱ्याचा दिवस फळ्या काढण्याने सुरू होई व फळ्या लावण्याने संपे. तरीही या रचनेत एक गुण होता, तो असा की दाराचे एकूण वजन कितीही असले तरी ते एकेका फळीनेच हातात येत असे. हात निसटलाच तर एक फळी पायावर पडे. संपूर्ण दार डोक्यावर कोसळण्याची शक्यता त्या रचनेतच नव्हती.

गुंडाळून वर जाणाऱ्या दाराची कल्पना मराठवाड्यात किंवा भारतात जन्मलेली नाही. लंडनमध्ये काचेची मोठी तावदाने असलेली दुकाने वाढू लागली, तेव्हा रोज सकाळ-संध्याकाळ फळ्या वाहण्याचा त्रास तेथील दुकानदारांनाही जाणवला आणि १८३० च्या दशकात बनेट या कारागिराने गुंडाळत्या शटरचे एकस्व घेतले. आरंभीची शटरे लाकडी व लोखंडी पट्ट्यांची होती आणि ती दांडा फिरवून वर चढवावी लागत. पुढे पातळ पोलादी पट्ट्या आणि स्प्रिंग यांचा मेळ बसला, तेव्हा माणसाने खालून हात लावताच वर जाणारे शटर शक्य झाले. इकडे १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मार्ग मनमाडपर्यंत पूर्ण झाला आणि जालना त्या मार्गावरील कापसाचे मोठे केंद्र बनले. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण या परिसराच्या समृद्धीची आठवण जपते. तथापि रेल्वे आली म्हणून दुकानाचे दार लगेच बदलले नाही. शटरला दोन्ही बाजूंस घट्ट व सरळ भिंत आणि वर भार पेलणारी तुळई लागते. माती-विटांच्या भिंती आणि लाकडी खांब असलेल्या जुन्या दुकानांत ती सहज मिळत नव्हती. सिमेंट-काँक्रीटची बांधणी रुळली, १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजार कायद्यानंतर बाजार समित्यांच्या आवारांत एकासारख्या एक गाळ्यांच्या रांगा उभ्या राहू लागल्या, आणि मगच शटर हे दुकानाचे सर्वसाधारण दार झाले.

अंकुशनगरची वस्ती याच नव्या बांधणीच्या काळातली आहे आणि तिच्या मुळाशी पाणी आहे. पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गोदावरीच्या डाव्या कालव्याने अंबड तालुक्यातील काळ्या जमिनीला पाणी दिले आणि कापूस-ज्वारीच्या या टापूत ऊस वाढला. समर्थ सहकारी साखर कारखाना त्या उसावर उभा राहिला. त्याच्या उभारणीत पुढाकार घेणारे आणि १९९१ मध्ये जालन्यातून लोकसभेवर निवडून गेलेले अंकुशराव टोपे यांचेच नाव या वस्तीला मिळाले. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. अशा प्रकारे कालवा, ऊस, सहकार आणि महामार्ग यांच्या संगतीने जी वस्ती वाढते, तिला पेठेची परंपरा नसते; तिथे गाळे असतात, आणि गाळा म्हटला की शटर आलेच. किराणा, खते-बियाणे, ट्रॅक्टरचे सुटे भाग यांच्या दुकानांपासून साखरेच्या गोदामापर्यंत लहानमोठी सर्व दारे एकाच तत्त्वावर चालतात.

हे तत्त्व समजून घेतल्याखेरीज शटरचे बिघाड ओळखता येत नाहीत. शटरचा पडदा एकमेकींत अडकवलेल्या पन्हळी पोलादी पट्ट्यांचा बनलेला असतो. पट्ट्या बाजूला सरकू नयेत म्हणून त्यांच्या टोकांना छोटे अटकाव बसवलेले असतात, त्यांना ‘एंड लॉक’ म्हणतात. दोन्ही बाजूंना ज्या उभ्या खोबणीतून पडदा सरकतो ती ‘गाईड’, आणि वर भिंतीत बसवलेल्या पत्र्याच्या आधारांना ‘ब्रॅकेट’ हे नाव आहे. दोन ब्रॅकेटांमध्ये एक पाईप इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या बोल्टांनी घट्ट आवळलेला असतो. हा पाईप स्वतः फिरत नाही. त्याच्यावर बसवलेल्या बिडाच्या पुली फिरतात आणि पडदा त्या पुलींना जोडलेला असतो. पुली आणि पाईप यांच्यामध्ये स्प्रिंग असते, जिचे एक टोक स्थिर पाईपला व दुसरे फिरत्या पुलीला अडकवलेले असते. शटर खाली ओढले की पुली फिरते, स्प्रिंगला पीळ बसतो, आणि तोच पीळ उलगडताना शटर वर चढवण्यास मदत करतो.

एका साध्या गाळ्याचे शटर ३ मीटर रुंद व २.५ मीटर उंच धरले, तर त्याचे क्षेत्रफळ ७.५ चौरस मीटर होते. सव्वा मिलिमीटर जाडीच्या सपाट पोलादी पत्र्याचे वजन प्रति चौरस मीटर सुमारे ९.८ किलो भरते. त्यात पन्हळीच्या वळशांचे जादा पोलाद आणि तळाची जाड पट्टी मिळवली की एकूण भार शंभर किलोच्या घरात जातो. एवढे वजन किरकोळ अंगाचा दुकानदार एका हाताने उचलतो, याचे कारण रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमात आहे. स्प्रिंग जितकी ताणावी, तितक्याच प्रमाणात तिचा प्रतिकार वाढतो, असा तो नियम आहे. शटर पूर्ण खाली असते तेव्हा लोंबणारे वजन सर्वाधिक असते आणि स्प्रिंगचा पीळही सर्वाधिक असतो. शटर जसजसे वर गुंडाळले जाते तसतसे लोंबणारे वजन घटते आणि पीळही त्याच मापाने उतरतो. भार आणि बळ यांची ही जोडी इतकी नेमकी जुळते की चांगल्या शटरला वाटेत कोठेही सोडले तरी ते तेथेच थांबते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तपशिलातही अर्धवट उघड्या कोणत्याही स्थितीत शटर समतोल राहावे, अशीच अपेक्षा नोंदलेली आहे.

यातून निघणारी एक गोष्ट सर्वसामान्य समजुतीच्या उलट आहे आणि म्हणूनच ती ठळकपणे सांगितली पाहिजे. कुलूप लावून शांत बंद असलेले शटर हे विश्रांतीत नसते; त्या स्थितीत त्याची स्प्रिंग सर्वाधिक ताणलेली असते. मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत दुकाने आठवडेच्या आठवडे बंद राहिली, तेव्हा त्यांच्या स्प्रिंगा अखंड पूर्ण पिळात होत्या. स्प्रिंग पुष्कळदा रात्री बंद शटरमध्ये किंवा सकाळी पहिला हात लावताच तुटते आणि फटाका वाजल्यासारखा आवाज होतो, त्याचे कारण हेच आहे. झिजलेली तार सर्वात जास्त ताणाच्या क्षणी हार मानते.

तार झिजते ती केवळ गंजाने नव्हे. वारंवार ताण बसणे आणि सुटणे यांमुळे धातूत सूक्ष्म भेगा पडून वाढत जातात, या क्रियेला धातूची ‘थकावट’ म्हणतात. फ्रान्समध्ये १८४२ साली व्हर्सायजवळ आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला, त्यानंतर या प्रश्नाकडे अभियंत्यांचे लक्ष वेधले गेले. पुढे जर्मनीतील रेल्वे अभियंता आउगुस्ट व्होलर याने आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून थकावटीचे शास्त्र उभे केले. अमेरिकेत गॅरेजच्या दारांसाठी सामान्य स्प्रिंगचे आयुष्य १०,००० वेळा उघडझाप असे धरले जाते. हाच हिशेब गावातील दुकानाला लावला, तर सकाळी उघडणे, दुपारी झाकणे, संध्याकाळी पुन्हा उघडणे व रात्री बंद करणे म्हणजे दिवसाला दोन फेऱ्या, वर्षाला सुमारे ७३०, आणि १०,००० फेऱ्या भरायला साधारण चौदा वर्षे लागतात. दिवसाकाठी चार वेळा वरखाली होणाऱ्या शटरचे आयुष्य त्याच हिशेबाने सात वर्षांवर येते. रंग नवा दिसतो, पट्ट्या शाबूत असतात, आणि तरीही आतील तारेचे दिवस भरलेले असू शकतात.

भारतीय मानक संस्थेने गुंडाळत्या शटरसाठी आयएस ६२४८ हे मानक निश्चित केले आणि १९७९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. हाताने वरखाली करायचे शटर बेअरिंगशिवाय लहान आणि बेअरिंगसहही १२ चौरस मीटरपर्यंतच असावे, त्याहून मोठ्याला साखळी किंवा दांड्याने चालणारी दंतचक्रे जोडावीत, अशी मर्यादा त्यात आहे. स्प्रिंगच्या तारेसाठी आयएस ४४५४ हे वेगळे मानक आहे. सरकारी इमारतींच्या निविदांत या अटी छापल्या जातात. खासगी गाळ्याचे शटर मात्र बहुधा रुंदी-उंची सांगून आणि भाव ठरवून घेतले जाते, तारेची प्रत विचारली जात नाही. गाळ्याची रुंदी वाढवून दोन दुकानांचे एक दुकान केले जाते आणि तेवढेच रुंद शटर पूर्वीच्याच पद्धतीने हातावर चालवले जाते, तेव्हा या मर्यादेचा विसर पडलेला असतो.

बिघाडाची लक्षणे दुकानदाराला रोज हाताला जाणवत असतात, फक्त त्यांचा अर्थ माहीत असावा लागतो. शटर जड झाले, एवढेच निदान पुरेसे नाही. काळ्या मातीची धूळ, रस्त्यावरच्या ऊसवाहतुकीची माती आणि कारखान्याच्या बॉयलरची काजळी गाईडमध्ये साचली, तर शटर वर नेतानाही अडते आणि खाली आणतानाही अडते. तेथे दोष घर्षणाचा असतो आणि गाईड स्वच्छ करून सुटतो. याउलट वर नेताना जड लागणारे शटर खाली मात्र आपोआप धावत येत असेल, तर स्प्रिंगचा जोर ओसरला आहे, असे समजावे. शटर तिरके चढत असेल, एक बाजू पुढे व दुसरी मागे राहत असेल, तर अनेक स्प्रिंगांपैकी एखादी तुटलेली असते किंवा एंड लॉक निखळून पट्टी सरकलेली असते. शटर हात लावताच झटक्याने वर जाऊन आदळत असेल, तर पीळ गरजेपेक्षा जास्त दिला गेला आहे. स्प्रिंग अखंड असूनही जोर एकाएकी नाहीसा होण्याचा एक प्रकार आहे, ज्यात यू-बोल्ट ढिले पडून स्थिर राहायला हवा तो पाईपच फिरतो आणि साठवलेला पीळ वाया जातो. वरच्या पेटीतून येणारा खुळखुळ आवाज, ब्रॅकेटखाली साचणारी तांबूस गंजाची भुकटी आणि तारेच्या वेढ्यांत मध्येच दिसणारी फट, या खुणांवरूनही अंदाज बांधता येतो. खात्री करण्याची सोपी रीत म्हणजे शटर कमरेइतके उचलून हात हळूच सैल करणे. मात्र हे करताना पाय शटरच्या रेषेत नसावेत आणि बोटे पट्ट्यांच्या सांध्यात नसावीत.

दुकानदाराने काय करावे आणि काय करू नये, यातील सीमारेषा यू-बोल्टच्या नटांपाशी आहे. गाईड झाडणे, तारेच्या वेढ्यांना शटर पूर्ण वर असताना हलके तेल देणे, तळपट्टीचे कुलूप व एंड लॉक तपासणे ही कामे त्याची आहेत. गाईडमध्ये मात्र घट्ट ग्रीस भरू नये, कारण धुळीशी मिसळून त्याचा चिकट लगदा होतो. स्प्रिंग तुटल्याची शंका आली आणि शटर वर असेल, तर दोन्ही गाईडांजवळ तळपट्टीखाली मजबूत टेकू लावून, ये-जा थांबवून मिस्त्रीची वाट पाहणे हाच शहाणपणा होय. शटर खाली असेल, तर चार माणसे जमवून ते रेटत वर नेऊ नये, कारण वर नेलेले शंभर किलो तेथे धरून ठेवणारे काहीच उरलेले नसते. नट सैल करण्याचे काम मिस्त्रीचे आहे. तो पाईपला मोठा पाईपपाना लावतो, पान्याचा दांडा भक्कम आधाराला टेकवतो आणि मगच नट सैल करतो, कारण नट सुटताच पूर्ण पीळ पान्यावर येतो. मग वेढा-वेढा मोजत पीळ उतरवला किंवा भरला जातो आणि दर वेढ्याला पाईप पुन्हा आवळला जातो. पाना निसटला तर त्याचा दांडा ज्या वेगाने फिरतो, त्याच्या मार्गात मनगट किंवा चेहरा आला की दुखापत गंभीर होते. जाणता मिस्त्री म्हणून दांड्याच्या फिरण्याच्या रेषेत कधी उभा राहत नाही, शिडी बाजूला लावतो आणि पाईपपान्याऐवजी हाताला येईल ती सळई वापरत नाही. हे ज्ञान वेल्डिंग-फॅब्रिकेशनच्या दुकानांत उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जाते. त्याचे लिखित पाठ मराठीत सहज हाती लागत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे, कारण शिडीवर चढणारा बहुधा शागिर्दच असतो.

पिळाच्या स्प्रिंगचा हा धोका दुकानाच्या शटरपुरता नाही. अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये वर सरकणारे गॅरेजचे दार तयार केले, आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरांतही आज दारावर आडव्या दांड्याभोवती तशीच पिळाची स्प्रिंग असते. दार मोठ्या तुकड्यांचे असते आणि गुंडाळले न जाता छताला समांतर सरकते, एवढा रचनेत फरक आहे. ताण साठवण्याचे तत्त्व आणि तो सोडण्यातील धोका मात्र सारखाच आहे.

शटरच्या इतिहासातील दुसरा धोका स्प्रिंगचा नसून बंदिस्तपणाचा आहे, पण दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. फळ्यांच्या दुकानात आतून एखादी फळी काढून बाहेर पडणे निदान शक्य असे. गाळ्याला बहुधा एकच तोंड असते आणि ते शटरने पूर्ण झाकले जाते. मे २०१९ मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाची येथे कापडाच्या दुकानाला रात्री आग लागून आत झोपलेले पाच कामगार मृत्युमुखी पडले. दार बाहेरून बंद होते. कामगाराला रात्री गाळ्यात झोपवण्याची रीत सर्वत्र आढळते, आणि स्प्रिंग तुटलेले शटर बाहेरून कुलूप नसले तरी आतल्या एकट्या माणसाला उचलवत नाही. मागच्या भिंतीत दार नसलेल्या गाळ्यात कोणालाही झोपू देणे म्हणूनच समर्थनीय ठरत नाही.

आता गोदामांबरोबर लहान गाळ्यांतही विजेची मोटर बसू लागली आहे. तिने दुकानदाराचे श्रम वाचवले, परंतु स्प्रिंगच्या दुर्बलतेची जी सूचना हाताला मिळत होती ती बंद झाली. स्प्रिंग तुटलेली असतानाही मोटर काही दिवस शटर ओढत राहते, तापते, तिची दंतचक्रे झिजतात आणि मग सारे वजन एकदम खाली येते. साखळीवर चालणाऱ्या मोठ्या शटरांतही हेच घडते, कारण साखळी ओढणाऱ्याला वाढलेला भार दंतचक्रांमुळे थोडाच जाणवतो. म्हणून स्प्रिंग असलेल्या मोटर-शटरची परीक्षा वीज बंद करून, मोटरचा सांधा सोडवून, शटर हाताने उचलून घेतली जाते. सांधा शटर पूर्ण खाली असतानाच सोडवायचा असतो, कारण वर असलेले शटर त्या क्षणी फक्त मोटरच्या ब्रेकवर थांबलेले असण्याचा संभव असतो.